गावाच्या आराखड्यात आधी काय धरायचं

ग्रामपंचायतीचा आराखडा करताना मी कामांची यादी करत नाही, अडचणींची करते. कुणी ‘कमान हवी’ म्हटलं की विचारते, ती नसल्याने कुणाचं काय अडलंय? मग पाणी, गटार, अंगणवाडीचं गळकं छप्पर आपोआप वर येतं.

पैशाचे कप्पे आधी पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा: त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. खरी ओढाताण उरलेल्या ४० टक्क्यांची.

ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर भरवा, नुसत्या सह्या नकोत. हंडा कोण वाहतं ते तिथेच कळतं. आणि नवं काम धरण्याआधी पाण्याच्या जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा. नळाला पाणी नसताना पेव्हर ब्लॉक बसवणं मला अजिबात पटत नाही.