मुलांसोबत दिवाळीचा फराळ: आदल्या दिवसापासूनची तयारी

फराळाच्या कामात मुलांना सामील करून घ्यायचे असेल, तर तयारीची सुरुवात पदार्थ निवडण्यापासून करावी. शंकरपाळे आणि साच्यातल्या करंज्या सर्वांत सोयीच्या, कारण त्यांचे बहुतेक काम गॅसपासून दूर, पोळपाटावर होते. पाकातले लाडू मात्र त्या दिवशी ठेवू नयेत. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापतो आणि कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे त्याचा लहानसा थेंबही खोलवर भाजतो.

आदल्या रात्री विळी मिटून, सुऱ्यांसह उंच फळीवर ठेवावी आणि मिक्सरची पिन काढावी. सारणासाठी लागणारा सुकामेवा तेव्हाच बारीक करून ठेवावा, कारण पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा काजू किंवा शेंगदाणा अडकू शकतो. शेजारपाजारची मुले येणार असतील, तर कोणाला दाण्यांची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या पालकांना आधीच विचारावे. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर एक बादली स्वच्छ पाणी भरून मोरीत झाकून ठेवावी. तिचे कारण पुढे येईलच.

मोहनाकडे, म्हणजे पिठात घालायच्या तापवलेल्या तेला-तुपाकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. कडकडीत मोहन मैद्यावर ओतले की क्षणभर फसफसते आणि लगेच शांत होते. वरचा मैदा पांढरा, कोरडा दिसतो, पण आतला भाग बोट पोळेल इतका तापलेला असतो. पीठ दिसले की मूल हात घालणारच, म्हणून हे काम मुलांना हाक मारण्यापूर्वीच उरकावे, पीठ चमच्याने कालवावे आणि भिजवलेला गोळा झाकून मगच त्यांना बोलवावे.

मुलांची बैठक स्वयंपाकघराबाहेर, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून मांडावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला छोटे गोळे करायला द्यावेत, पाच-सहा वर्षांच्या मुलाला कातणे फिरवायला, आणि त्याहून मोठ्यांना साच्यात सारण भरून कडा दाबायला. शंकरपाळ्यांचे आकार वेडेवाकडे झाले तरी चालतील, पण कच्चे पीठ तोंडात जाऊ देऊ नये, कारण न शिजलेल्या पिठात रोगजंतू असू शकतात. बाजूला केळ्याच्या फोडी ठेवल्या की हा मोह बराच कमी होतो.

या सगळ्यात माझ्या मते एकच नियम असा आहे की, तो कुठल्याही कारणाने मोडू नये: मुलांचे काम संपून, हात धुऊन ती दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ गेल्याशिवाय कढईखालचा गॅस पेटवायचा नाही. ‘एवढा एक घाणा काढून घेते’ असे म्हणत तो नेमका धांदलीत मोडला जातो. घरात दुसरे कोणी नसेल, तर तळण मुले झोपल्यावर करावे. ओलसर कापडाखाली झाकलेल्या करंज्या तेवढा वेळ थांबतात. मोठ्या कढईसाठी शेगडी जमिनीवर मांडण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण लहान मूल असलेल्या घरी तळण ओट्यावरच व्हावे, कढई भिंतीकडच्या बर्नरवर असावी आणि तेल निम्म्याहून जास्त नसावे. तळणाऱ्याने सुती कपडे घालावेत आणि ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा.

कढईवर पूर्ण बसेल असे सपाट झाकण हाताशी असावे. तेलाने पेट घेतला, तर गॅस बंद करून ते झाकण सरकवावे. पाणी मुळीच ओतू नये आणि कढई उचलू नये. कोणाला भाजलेच, तर बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढून भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. नळ बंद असेल, तर बादलीतले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये आणि फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, अथवा जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर थेट रुग्णालय गाठावे; महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

गॅस बंद केल्यावरही तेल बराच वेळ तापलेलेच राहते. कढई ओट्यावरच भिंतीकडे सरकवून झाकून ठेवावी, रेग्युलेटर बंद करावा, जमिनीवर सांडलेले तेल पुसून घ्यावे आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत स्वयंपाकघराचे दार लावून ठेवावे.