नागपुरात साधी फिरायला एमटीबी घेताय? मग दुकानात जायच्या आधी एवढं वाचा

दर थंडीत ओळखीतले दोन-तीन जण तरी विचारतात, भाऊ, सकाळी फुटाळा तलावापर्यंत जाऊन यायचंय, रविवारी फार तर गोरेवाड्याकडे एक चक्कर, बजेट पंधरा हजारांच्या आत, कोणती एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊ? आणि विचारायच्या आधीच बहुतेकांनी मोबाईलवर एक पसंत करून ठेवलेली असते. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, पुढे-मागे डिस्क, २१ गियर आणि किंमत नऊ-दहा हजार. ती सायकल घेऊ नका हे सांगायलाच मी हे लिहून राहिलो.

कारण साधं आहे. एवढ्या पैशात एवढं सगळं चांगलं बसूच शकत नाही, मग पैसा जातो दिसणाऱ्या वस्तूंवर आणि काटकसर होते न दिसणाऱ्या ठिकाणी, म्हणजे हब (चाकाचा मधला भाग), पेडलच्या मधला एक्सल, रिम, बेअरिंगचे छर्रे, आणि रोज फिरताना तर हेच सगळं फिरत असतं. माझ्या भाच्यानं अशीच घेतली होती. मागचा शॉकअप एवढा मऊ की प्रत्येक पेडलला सीट खाली-वर व्हायची, सेमिनरी हिल्सच्या चढावर तर पोराचा अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यातच जायचा. सहा महिन्यांत मागच्या जोडाचे बुश झिजले, चाक हातानं धरून हलवलं की फ्रेमचा मागचा भागच डावी-उजवीकडे हलायचा आणि टकटक आवाज यायचा. बुश कुठं मिळाले नाहीत, सायकल भंगारच्या भावात गेली. मागचा शॉकअप चांगला असतो तेव्हा तो महाग असतो, आपल्या बजेटमध्ये मागून सरळ फ्रेमच घ्या. पुढचा असला तर चालेल, नसला तरी जाड टायर बरंच काम करतं आणि सायकल हलकी होते ते वेगळं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, साईझ. दुकानात आणि ॲपवर मोठ्या अक्षरात २६टी, २७.५टी, २९टी असं लिहिलेलं असतं आणि लोक ती सायकलची साईझ समजतात. ती चाकाची साईझ आहे. तुमच्या अंगाला बसते ती फ्रेमची साईझ, ती इंचात वेगळी लिहिलेली असते, १५, १७, १८ वगैरे, कधी कधी तर लिहिलेलीच नसते, तेव्हा विचारून घ्या. मोटामोटी अंदाज सांगतो, उंची पाच फूट तीन ते सहा इंच असेल तर १५-१६ ची फ्रेम, पाच सात ते दहा असेल तर १७-१८, त्याच्यावर १९ च्या पुढे. पण आकड्यापेक्षा उभं राहून बघणं बरं. सायकलचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभे राहा, दांडा आणि तुमच्या मध्ये दोन इंच तरी मोकळी जागा पायजे. मग सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पार खाली न्या, पाय सरळ झाला पायजे, म्हणजे पंजानं मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. आपल्याकडे बरेच जण सीट खाली ठेवून चालवतात न, मग पंधरा दिवसांत गुडघे दुखतात आणि दोष सायकलला जातो. सीट उंच केली की सिग्नलला थांबताना पुढं सरकून पाय टेकवावा लागतो, त्याची सवय दोन दिवसात होते. सीटच्या पाईपवर एक खूण असते, त्याच्यावर मात्र पाईप ओढू नका.

गियरचं सांगतो. आपलं शहर बऱ्यापैकी सपाट आहे, चढ म्हणजे सेमिनरी हिल्स आणि उड्डाणपूल. फक्त तलावापर्यंत जायचं असेल तर बिनागियरची एमटीबी खरंच पुरते, आणि त्याच पैशात तिचे बाकीचे पार्ट बरे मिळतात, बिघडायला तिच्यात फारसं काही नसतंच. लांब जायची इच्छा असेल, म्हणजे कधी रामटेक वगैरे मनात असेल, तर गियर घ्या, पण २१ या आकड्यावर भुलू नका. २१ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात, रोजच्या फिरण्यात पुढच्या मधल्या चक्रीवरच सगळं होऊन जातं. पुढे एकच चक्री आणि मागे सात-आठ असलेली मिळाली तर ती जास्त सुटसुटीत. गियर शिमानोचे आहेत का बघा, टूर्नी ही त्यांची खालची रेंज, पण दुरुस्ती कुठंही होते आणि पार्ट मिळतात.

ब्रेकमध्ये माझं मत ठाम आहे. स्वस्तातल्या वायरवाल्या डिस्कपेक्षा बरा पॉवर ब्रेक, म्हणजे रिमवर रबर दाबणारा, चांगला. स्वस्त डिस्कची प्लेट थोडी वाकडी झाली की चाक फिरताना खर्र खर्र घासत राहते आणि सेट करायला प्रत्येकाला जमत नाही, पॉवर ब्रेक घरी पानं-पक्कडनं नीट होतो. हां, पावसात रिम ओली झाली की पॉवर ब्रेक थोडा उशिरा लागतो, तिथे डिस्क बरी, म्हणून पावसाळ्यातही रोज चालवणारे असाल तर चांगल्या ब्रँडची डिस्क घ्या आणि बजेट दोन-तीन हजार वाढवा.

दुकानात गेल्यावर पाच मिनिटं द्या, लाजू नका. मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकचं रबर व रिम यांच्यातली फट बघत राहा, फट सारखी राहिली तर रिम सरळ, कमी-जास्त झाली तर रिम आऊट आहे, तिथल्या तिथं सरळ करून मागा. क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, हातात धरून आत-बाहेर हलवा, कट् असं काही जाणवलं तर आत ढिलं आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलपाशी खेळ जाणवला नाही पायजे. मग चालवायला मागा. चालवू देत नाहीत तिथून मी घेत नाही. आणि शक्य असेल तर सिमेंट रोडवरून गट्टूवर (पेव्हर ब्लॉकवर) उतरवून बघा, त्या उंचवट्यावर सायकलचं सगळं ढिलेपण आवाज करतं.

ऑनलाईन मागवली तर खोक्यात सायकल अर्धवट जोडलेली येते, हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट आपण बसवायचं. इथं माझ्याकडून झालेली चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी ते सरळ समजून पान्यानं जोर लावत गेलो, पेडल तिरकं शिरलं, क्रँकचे आटे गेले आणि नव्या सायकलची क्रँक बदलावी लागली. पेडलच्या टोकावर एल आणि आर लिहिलेलं असतं ते बघा, आधी बोटांनी तीन-चार फेरे बसवा, दोन्ही पेडल सायकलच्या पुढच्या बाजूकडे फिरवल्यावर घट्ट होतात. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसलेला पण मी पाहिलाय, पुढच्या डिस्कचा ब्रेक फोर्कच्या डाव्या पायाला मागच्या बाजूनं यायला पायजे. खात्री नसेल तर जवळच्या मिस्त्रीकडून जोडून घ्या, दोन-तीनशे जातात पण सुटतो जीव.

ब्रँडचं म्हणाल तर हिरो, हर्क्युलिस, फायरफॉक्स, डेकॅथलॉनची रॉकरायडर, यांच्यात बघा, पार्ट आणि सर्व्हिस मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, म्हणून बिल पक्कं घ्या आणि त्यावर टक्का बघा. जुनी घ्यायची असेल तर मे-जूनमध्ये शोधा, हॉस्टेलची पोरं पास होऊन घरी जातात तेव्हा बऱ्या सायकली निघतात. फक्त हँडलच्या खालचा वेल्डिंगचा जोड नखानं चाचपून बघा, रंगात बारीक रेघ दिसली तर ती फ्रेमची भेग असू शकते, तिथं भाव करायचाच नाही. पेडलच्या एक्सलखाली उलटं करून फ्रेम नंबर बघा, खरवडलेला असेल तर परत या.

सगळे पैसे सायकलमध्ये घालू नका, दीड-दोन हजार बाजूला ठेवा. हेल्मेट, मागचा लाल लाईट, कुलूप, हातपंप आणि तुमच्या चाकाच्या मापाची एक जादा ट्यूब, कारण २९ ची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे नसते. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात. पंक्चर झालं की ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून चिंधी फिरवा, काटा तिथंच अडकलेला असतो आणि तो न काढता नवी ट्यूब टाकली तर घरी पोचायच्या आत परत बसते. हवा किती ते टायरच्या बाजूवर कोरलेलं असतं, ४० ते ६५ पीएसआय असं काहीतरी, साध्या वजनाच्या माणसाला डांबरी-सिमेंटवर ४५-५० ठीक. मे महिन्यात सायकल गच्चीवर उन्हात सोडू नका, पारा पंचेचाळीसला गेला की पंक्चरचा पॅच सुटतो आणि रबर तडकतं.

पहिल्या महिन्यात चाकाच्या तारा आणि ब्रेक-गियरच्या वायर दोन्ही थोडे ढिले होतात, ब्रेक ढिला वाटतो, गियर अडखळतो. ती सायकल खराब झालेली नसते. पंधरा-वीस दिवसांनी, शंभरेक किलोमीटर झाले की दुकानातूनच एकदा सगळं कसून आणा, बहुतेक ठिकाणी पहिली सर्व्हिस फुकट असते, घेताना बिलावर तसं लिहून घ्या.