भिगवणचं पाणी आणि कडबनवाडीचा माळ: एका मुक्कामाची पक्षीसफर कशी आखावी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण. तिथे उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी, आणि त्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा गवताळ माळ. पाणथळ आणि माळरान एकाच मुक्कामात पाहायचं असेल तर क्रम चुकवू नका: पहिल्या दिवशी दुपारी माळ, रात्री कुंभारगाव किंवा डिकसळला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे होडी. उन्हं चढली की वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि दुर्बीण स्थिर राहत नाही.

तारीख कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून ठरवा. धरण पावसाळ्यात भरतं. ते तुडुंब असताना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, फारसे दिसत नाहीत, कारण मान उलटी करून गाळ चाळायला त्यांना उथळ पाणी लागतं. पाणी उतरून चिखलाचा काठ उघडा पडला की ते जमतात. बहुतेक वर्षी जानेवारीअखेरपासून. पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे हिवाळी पाहुणे मात्र मार्चमध्ये परतू लागतात. दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारी धरा, आणि निघण्याआधी नावाड्याला फोन करून विचारा, "पाणी किती उतरलंय? रोहित कुठल्या अंगाला आहेत?" इथले नावाडी मूळचे मासेमार, रोजची खबर त्यांच्याइतकी कुणाकडेच नसते.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. 10× मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण होडीत हाताचा कंपही तितकाच वाढतो. घरूनच जुळवून निघा: उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. ती कडी पुन्हा हलवायची नाही. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दाबून ठेवा, नाहीतर भोवती काळं वर्तुळ दिसत राहतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बिणीतून शोधायला जाल तर तो उडून गेलेला असेल.

कडबनवाडीत वनखात्याची गवताळ सफारी 2024 मध्ये सुरू झाली. नोंदणी ऑनलाइन करून ठेवा. स्थानिक वाटाड्या सोबत येतो. गाडी ताशी पंधरा-वीसच्या वर नको, आणि मळलेली वाट सोडायची नाही: चंडोल, माळटिटवी, धाविक हे माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीत दिसतही नाहीत. गाडीतून उतरू नका. चिंकारा गाडी सहन करतो, उभा माणूस दिसला की पळतो. धाविक थोडं धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. थबकला की मातीत मिसळून जातो, म्हणून हालचाल टिपा, रंग नव्हे. मावळतीला घाई करून परतू नका. भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, रात्रीच्या मुक्कामाला उंच गवतात उतरतात आणि त्याआधी अगदी खालून घिरट्या घालतात. खोकड आणि लांडगा दिसण्याची शक्यताही याच वेळी जास्त. कुठे उतरण्याची परवानगी असलीच तर लोकरी मोजे टाळा. कुसळं आत शिरली की काढता काढता पुरेवाट होते.

पहाटे होडीत बसण्यापूर्वी लाइफ जॅकेट मागून घ्या आणि नावाड्याला तीन गोष्टी सांगा: ऊन पाठीशी ठेवा, इंजिन लांबूनच बंद करा, थव्यावर सरळ चालून न जाता तिरकं सरका. मग रोहितांच्या माना बघत राहा. माना पाण्यात आहेत तोवर सगळं ठीक. दोन-चार माना सरळ उभ्या राहिल्या की होडी थांबवा. सगळ्यांच्या माना वर होऊन थवा एका दिशेने चालू लागला तर तुम्ही फार जवळ आला आहात, मागे फिरा. उडतानाचा गुलाबी पंख टिपण्यासाठी थवा उठवणं हा सरळ छळ आहे. रोहिताला पाण्यावर बरीच पावलं धावल्याशिवाय उडता येत नाही, आणि ती ताकद त्याच्या चरण्यातून वजा होते. असा फोटो मागू नका. नावाड्याने आपणहून थवा उठवायची तयारी दाखवली तर नको म्हणा आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि तीच पुढे सरकवत जा. काठावर लांब पायांचा शेकाट्या, विजेच्या खांबावर कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी, काठच्या झुडपांत जांभळा बगळा यांनाही वेळ द्या. रोहितांच्या नादात ते हमखास राहतात.

माळावर किंवा काठावर मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. नोंद करताना वेळ, जागा, संख्या तिथल्या तिथे लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी जरूर टाका, पण लांडग्याची बिळं आणि जमिनीवरची घरटी यांचं लोकेशन कुठल्याही ग्रुपवर देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते.