डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद राहून गेलीये? रेकॉर्ड दुरुस्त करून घ्यायचं कसं

मी पलटणीत क्लर्क होतो, पेन्शन आल्यापासून गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. मेडलची केस घेऊन येणारा बहुतेक माणूस आधी माफी मागितल्यासारखा बोलतो, "साहेब, पैशाचं काय नाय हो, पण..." असं. माफी कशाला मागता, हक्काची गोष्ट आहे ती. पण अर्ज चुकीचा गेला की वर्ष-वर्ष जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक फरक समजून घ्या. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं शिफारशीवर मिळतात, ती शिफारस त्या वेळी झाली नसेल तर आज अर्ज करून हातात काही येत नाही, खरं तेच सांगतो. सर्व्हिसची मेडलं मात्र नियमावर मिळतात. तुम्ही त्या तारखेला त्या जागी नोकरीवर होतात एवढं कागदावर दिसलं की विषय संपला. उदाहरणार्थ 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्याला स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं मेडल, 15 ऑगस्ट 1997 ला असलेल्याला 50 व्या वर्षाचं, 9 वर्षं नोकरी झाली की लाँग सर्व्हिसचं. युद्धाच्या मेडलात जागा बघतात, 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर असाल तर पूर्वी स्टार, पश्चिमेला असाल तर पश्चिमी स्टार. कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही पण दोन वेगळी आहेत, अर्जात नाव चुकवू नका.

मग नोंद राहते कशी? फौजेत तुमच्या बाबतीत जे काही घडतं, पोस्टिंग, रजा, कोर्स, लग्न, मूल, ते पार्ट टू ऑर्डरने छापलं जातं आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिसात तुमच्या शीट रोलवर, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदपत्रावर, चढतं. ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघाली पण चढली नाही, की मेडल अडकलं. जास्त करून हे अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या युनिटबरोबर, गेलेल्या जवानांचं होतं. आमच्या शेजारच्या तात्यांचं असंच झालं. त्यांची स्वतःची युनिट मागेच होती, यांना दुसऱ्या युनिटबरोबर पूर्वेला पाठवलं, लढाई संपल्यावर परत आले, आणि कागदावर तात्या कुठे गेलेच नव्हते. डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे, पूर्वी स्टार नाही. 1 मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर 1971 मध्ये जमालपूरला होती हे कुणी विचारलं तर कुणीही सांगेल, पूर्ण पलटणीचं शोधायला सोपं जातं, पण अटॅचमेंटवरच्या एकट्या माणसाचा माग काढणं लई अवघड.

म्हणून पहिल्यांदा मेडल मागू नका, स्वतःचं रेकॉर्ड मागा. शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरची कॉपी पाहिजे असा साधा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करा, उत्तर नाही आलं तर आरटीआय टाका, फी फक्त 10 रुपये आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला. नोकरीत मध्येच रेजिमेंट बदलली असेल तर जिथून डिस्चार्ज झाला तिथे लिहा.

कॉपी आली की तारखा डिस्चार्ज बुकाशी एकेक करून ताडून बघा. कुठे भोक दिसतंय ते सापडलं पाहिजे, सगळी केस त्या भोकावर उभी राहते.

आता पुरावा. मूव्हमेंट ऑर्डर, रजेचं सर्टिफिकेट, मिलिटरी हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं घरी आलेलं पत्र, काहीही चालेल, घरातली जुनी पत्र्याची ट्रंक सगळी उपसा. तात्यांच्या काकूंनी आंतरदेशीय पत्रं कापडात बांधून ठेवली होती, त्यातल्या एकावर शिक्का आणि तारीख दोन्ही वाचता येत होती, मला तर ते बघून भरूनच आलं. बरोबर असलेला एखादा जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यात त्याचा आर्मी नंबर, त्याची युनिट आणि तुम्ही दोघं कुठे कधी एकत्र होतात हे आलं पाहिजे, "मी यांना ओळखतो" एवढ्याने भागत नाही.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, एक पान पुरे. वर आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. मग साधारण असं: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक युनिटबरोबर अटॅच म्हणून अमुक ठिकाणी होतो. माझ्या शीट रोलवर या काळाची नोंद नाही. सोबतच्या पुराव्यावरून नोंद करावी, त्यानुसार पूर्वी स्टारची पात्रता तपासावी, आणि पात्र नसल्यास कोणत्या नियमाने ते लेखी कळवावं." हे शेवटचं वाक्य सोडू नका, पुढे अपिलात तेच कामाला येतं. लढाईची गोष्ट अर्जात लिहू नका, मला माहितीये लिहावीशी वाटते, पण टेबलावरचा माणूस तारीख शोधत असतो.

ओरिजिनल कागद कधीच पाठवू नका. झेरॉक्स साक्षांकित करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्यांच्या कव्हरिंग लेटरने पाठवा, वेगळी कॉपी स्वतः स्पीड पोस्टने टाका आणि पावती जपा. तिथले कल्याण संघटक हे काम फुकट करतात, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची काहीच गरज नाही.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. "मेडल आधीच पाठवलंय" असं आलं तर कधी, कुणाला, कुठल्या पत्राने पाठवलं ते मागा, कारण कित्येकदा मेडल युनिटला पोचेपर्यंत जवान घरी आलेला असतो. "पात्र नाही" आलं तर नियम मागा. आणि "रेकॉर्ड नष्ट केलंय" हे सगळ्यात वाईट, पेन्शन नसलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या थोडक्यात नोंदी असलेलं रजिस्टर, राहतो, तो बघायला सांगा आणि आपले पुरावे परत जोडा.

काहीच नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी बेंच मुंबईला आहे. शेवटचा लेखी नकार आल्यापासून 6 महिन्यांत जावं लागतं. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज करता येतो, पण नकाराचं पत्र ट्रंकेत ठेवून विसरू नका.

जवान वारला असेल तर पत्नी किंवा वारस हाच अर्ज करू शकतात, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लावून. इथे नावाचा घोळ फार, पीपीओवर लक्ष्मीबाई आणि आधारवर लक्ष्मी असं असतं, ते आधी निस्तरा, नाहीतर मेडलचा अर्ज त्याच्यावरच अडकतो.

तात्यांना तीन पत्रं आणि दीड वर्ष लागलं, नोंद झाली. मेडल हातात आलं तेव्हा तात्या ते नातवाच्या शर्टावर लावून बघत होते, मी म्हटलं थांबा, आधी कडा बघू. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, बाजारातल्या मेडलवर ते नसतं. तुम्हीपण चष्मा लावून तेच करा, एक आकडा जरी चुकला असेल तरी लगेच लेखी कळवून बदलून मागा, आणि डिस्चार्ज बुकातल्या मेडलच्या पानावर नोंद आणि सही-शिक्का करून घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.