परवडणारी घरे: नगर रचनाकाराने गृहनिर्माण अभियंत्याबरोबर काय पाहावे

नगर रचनेचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी एका महानगरपालिकेत रुजू झाले, तेव्हा विकास योजनेत, म्हणजे शहराच्या जमीनवापराच्या आराखड्यात, घरांसाठी जागेचे आरक्षण दाखवले की परवडणाऱ्या घरांबाबतचे आपले काम संपते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. जागा दाखवणे आमचे काम आणि घरे बांधणे म्हाडाच्या मंडळाचे किंवा पालिकेच्या प्रकल्प विभागाचे, ही वाटणी सर्वांनाच सोयीची वाटत असे. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना मी आज सर्वांत आधी हेच सांगते, की या सोयीची किंमत घर घेणारे कुटुंब मोजते.

माझी ही समजूत एका स्थळपाहणीत मोडली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षित असलेली सुमारे दोन हेक्टर जमीन पाहण्यासाठी आम्ही गृहनिर्माणाच्या उपअभियंत्यांबरोबर गेलो होतो. नकाशावर ती जमीन अठरा मीटर रुंद रस्त्यालगत होती. परंतु तो रस्ता केवळ नकाशातच असल्यामुळे आम्हांला शेताच्या बांधावरून चालत जावे लागले. तिथे पोहोचल्यावर उपअभियंत्यांनी मोजणीची क प्रत (जमिनीच्या मोजलेल्या हद्दींचा अधिकृत नकाशा) उघडली आणि आमच्या भाग नकाशावर (विकास योजनेच्या त्या भागापुरत्या नकाशावर) बारीक निळ्या रेषेने दाखवलेला ओढा पावसाळ्यात कुठवर पसरतो, हे बाभळीच्या बुंध्यांवर राहिलेल्या गाळाच्या खुणांवरून दाखवले. जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्याखाली जात होता. भराव, जोत्याची वाढीव उंची आणि साहित्य आणण्यासाठी तात्पुरता रस्ता, हे सारे त्यांच्या अंदाजपत्रकात प्रत्येक घराच्या किमतीवर चढत होते. आरक्षण सुचवताना आमच्यापैकी कोणीही त्या जमिनीवर पाऊल ठेवले नव्हते, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्यानंतरचा प्रसंग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलेले होते. हा आकडा लोकांना समजावा म्हणून उपअभियंत्यांनी वस्तीतल्या समाजमंदिराच्या फरशीवर खडूने अख्खे घर आखले: खोली, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, संडास, दाराची पाखे उघडण्याची जागा. बायका त्या रेषांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. कुणी कपाटाची जागा ठरवली, कुणी शिलाई मशीन खिडकीखाली बसते का, ते पाहिले. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी मात्र मोरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, पिंप कुठं ठेवायचं?” त्या भागात दिवसाआड पाणी येत असे. दोनशे लिटरचे पिंप सुमारे दोन फूट जागा अडवते आणि पाच माणसांच्या घरात ते एकच असते असेही नाही. पाणीपुरवठ्याचे नियोजन आमच्याकडून राहून गेले, तर त्याची भरपाई ते कुटुंब स्वतःच्या चटईक्षेत्रातून करते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला इतके स्पष्ट शिकवले नव्हते.

म्हाडाच्या कोकण मंडळाचा विरार-बोळिंज येथील प्रकल्प याच दृष्टीने अभ्यासावा. तिथली हजारो घरे सोडती होऊनही दीर्घकाळ विकली गेली नाहीत आणि त्यांतली पुष्कळशी अखेर प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या पद्धतीने विक्रीस काढावी लागली. पुरेशा पाण्याचा अभाव हे त्यामागचे एक मोठे कारण होते. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या पाण्याची वाट पाहण्यात बराच काळ गेला. इमारत उभी करणाऱ्यांचे आणि पाणी, रस्ता, बस यांची आखणी करणाऱ्यांचे वेळापत्रक एक नसेल, तर तयार घरेही रिकामी राहतात. म्हणूनच कोणत्याही सोडतीनंतर घर नाकारणाऱ्यांनी दिलेली कारणे मिळवून वाचावीत. कर्ज मंजूर झाले नाही, कामाचे ठिकाण दूर पडते, शाळा जवळ नाही, ही कारणे गृहनिर्माण विभागाच्या नस्तीत राहतात आणि पुढची विकास योजना करणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचतात.

सर्वसमावेशक गृहनिर्माणाच्या तरतुदीतही दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा असाच नाजूक आहे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा लागतो. परवानगी पालिका देते, सोडत म्हाडा काढते. परवानगीपत्राची प्रत मंडळाकडे त्याच दिवशी गेली, तर ती घरे कुठे, किती आणि केव्हा मिळणार, याचा हिशेब ठेवता येतो. अन्यथा भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी धावपळ होते. मी स्वतः एक साधी नोंदवही सुरू केली होती आणि मंडळातील समकक्ष अधिकाऱ्यांबरोबर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती पडताळत असे. हे काम रटाळ वाटेल, पण ते टाळू नये.

मुदतींकडेही सुरुवातीपासून लक्ष असू द्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली न गेल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. गृहनिर्माण विभागाला ही तारीख ठाऊक नसते आणि आपल्याला त्यांच्या निधीची स्थिती ठाऊक नसते. घरांच्या आरक्षणांची यादी मुदतीसह त्यांच्या हाती ठेवणे हे नगर रचनाकाराचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या ओढ्याकाठच्या जमिनीसाठी पुढे याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली विकास योजनेत फेरबदलाचा प्रस्ताव गेला. हरकती, सूचना आणि सुनावणी यांत दीड वर्ष लागले. पर्यायी जागा निवडताना भाग नकाशा, जलवाहिन्यांचा नकाशा आणि क प्रत एकाच टेबलावर पसरून उपअभियंते, पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि मी तीन दुपारी बसलो होतो. निवडलेल्या जागेजवळच्या जलकुंभाचे काम तेव्हा अपुरे होते. त्यामुळे वास्तुविशारदांनी घराच्या अंतिम आराखड्यात मोरीशेजारचा दोन फुटांचा कोपरा मोकळा सोडला आणि त्यावर ‘पिंप’ असे लिहिले.