बागेच्या जागेवर काहीतरी होणारे असं कळलं तर आधी काय करायचं

बागेच्या गेटवर जेसीबी दिसला की पहिला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, खाली कुणीतरी लिहितं 'बिल्डरला दिली वाटतं', आणि रात्रीपर्यंत ते अख्ख्या वॉर्डात फिरून येतं. दुसऱ्या दिवशी कळतं पाण्याची लाईन टाकतायत. मग पुढच्या वेळी खरंच काही आलं की कोणी घरातून बाहेर पडत नाही. म्हणून फॉरवर्ड करायच्या आधी नक्की काय चाललंय ते काढा.

आरक्षणच, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ही जागा बागेसाठी राखून ठेवल्याची नोंदच बदलतायत का, की आरक्षण बागेचंच ठेवून आत काही बांधतायत, की बाग कुणा संस्थेला चालवायला देतायत? तिन्ही भानगडी वेगळ्या. आरक्षण बदलायचं तर बहुतेकदा एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या (१९६६ चा) कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकतींना एक महिना मिळतो. गंमत अशी की नोटिशीत बागेचं नाव सापडेलच असं नाही, जमिनीचा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा सर्व्हे नंबर असतो, तो वाचून कुणाला काय कळणार! तेव्हा आपल्या बागेचा नंबर आत्ताच डीपी शीटवरून (विकास आराखड्याच्या नकाशावरून) काढून ग्रुपवर पिन करून ठेवा, आणि नोटीस आली की लोकांना सांगताना 'देवळामागची बाग, जिथे घसरगुंडी आहे ती' असंच सांगा.

दुसरा प्रकार जास्त फसवा. बांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली पार्किंग करायचा प्रस्ताव आला होता, रहिवाशांनी विरोध केला. अशा कामात वर हिरवळ दाखवतात त्यामुळे नकाशावर बाग बागच राहते, पण खाली स्लॅब आला की मोठ्या झाडांच्या मुळांनी जायचं कुठे? इथे नकाशा बघून उपयोग नाही, टेंडर आणि ड्रॉइंग मागा, आरटीआय टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे रामायण लिहू नका. उत्तराला ३० दिवस, म्हणजे नोटीस निघाली असेल तर तिची मुदत त्यातच संपू शकते, हरकत आधी देऊन टाका.

हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दात लिहा. एकच मजकूर पाचशे सह्यांनी दिला तर गठ्ठ्यात जातो असं माझं मत. बागेचा नंबर टाका, तुमचं घर किती लांब, बागेत कोण येतं, काय जाईल ते लिहा, 'सुनावणीला बोलवावे' हे वाक्य विसरू नका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'तुम्हाला काय अधिकार' असं कुणी म्हणालं तर बंगळुरूचं उदाहरण द्या, तिथे बागेची जागा खाजगी हॉस्पिटलला दिलेली, रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात तेच जिंकले.

आणि हो, सुनावणीआधी आपसातलं मिटवा. क्रिकेटवाली पोरं, सकाळचे वॉकवाले काका, कुत्रेवाले, यांचं वर्षानुवर्षं जमत नाही आणि नेमकं साहेबांसमोर एक म्हणतो टर्फ (खेळायला कृत्रिम हिरवळ) चालेल, दुसरा म्हणतो गेटला कुलूप लावा. मग साहेब लिहून मोकळे, नागरिकांत एकमत नाही. आदल्या रविवारी बागेतच बसा, चहा सांगा, आणि ज्यावर सगळ्यांचं जुळतंय तेवढंच एका कागदावर उतरवा. टर्फचं भांडण नंतर निवांत करा.