रिस्ट्रिक्टेड पिस्तूल रेंजवर नेताय? कॅनडातल्या आपल्या लोकांनी या चुका टाळा

शूटिंग रेंजच्या पार्किंगमध्ये एका आपल्या मराठी माणसाने गाडीची डिकी उघडली आणि माझ्या पोटात गोळाच आला. आत कापडी झिपवाली बॅग, झिपला आपण विमानात बॅग टाकताना लावतो तसलं चिमुकलं कुलूप, आणि बॅगेत नाइन एमएमचं पिस्तूल, ट्रिगर लॉक वगैरे काहीच नाही. मी म्हटलं अहो हे काय, तर म्हणाले, "का, काय झालं? माझी शॉटगन तर मी अशीच आणतो की, दहा वर्षं झाली."

सगळा घोळ इथेच आहे बघा. आपल्यापैकी बरेच जण सुरुवात नॉन-रिस्ट्रिक्टेड (म्हणजे कमी निर्बंधांच्या वर्गातल्या) रायफल नाहीतर शॉटगनने करतात, आणि ती नेताना कायद्याला मुख्यतः एवढंच हवं असतं की ती अनलोडेड असावी. गाडी सोडून गेलात तर डिकीत ठेवून लॉक करा, डिकी नसेल तर बाहेरून दिसणार नाही अशी ठेवून गाडी लॉक करा, संपलं. दहा वर्षं हाताला तीच सवय लागते आणि मग पिस्तूल आलं की माणूस त्याच सवयीने उचलून गाडीत टाकतो. पिस्तुलाचा नियम वेगळा आहे आणि तो बराच कडक आहे, लायसन घेताना कोर्समध्ये शिकवलेला असतो पण परीक्षा झाली की कोण वही उघडतंय.

रिस्ट्रिक्टेडला (जास्त निर्बंधांचा वर्ग, बहुतेक पिस्तुलं यातच) चार गोष्टी लागतात आणि चारही एकाच वेळी. हत्यार अनलोडेड, त्यावर ते चालूच शकणार नाही असं लॉक (ट्रिगर लॉक किंवा केबल लॉक), मग ते एका कुलूपबंद, आतलं न दिसणाऱ्या आणि सहज फोडता न येणाऱ्या पेटीत, आणि चौथं म्हणजे गाडी सोडून गेलात तर पेटी डिकीत आणि डिकीला लॉक. म्हणजे कुलपं किमान दोन, एक हत्याराला आणि एक पेटीला. पेटीला भारी कुलूप लावलंय म्हणून हत्यार मोकळं ठेवलं तर चालत नाही, आणि ट्रिगर लॉक आहे म्हणून पेटी उघडी, तेही चालत नाही.

आधी हे कोणासाठी लिहितोय ते सांगतो, कारण २०२४ मध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं तेव्हापासून नवीन आलेली मुलं विचारतात की काका, पिस्तूल घ्यायचंय, कसं घ्यायचं. (स्वप्निलचं मेडल रायफलचं आहे हे आधी सांगतो, मग पुढचं.) तर बाबांनो, २१ ऑक्टोबर २०२२ पासून इथे हँडगनची (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) खरेदी-विक्री सामान्य माणसासाठी बंद आहे, पुढे डिसेंबर २०२३ मध्ये तसा कायदाच झाला. ज्यांच्याकडे आधीपासून रजिस्टर केलेलं आहे ते ठेवू शकतात आणि रेंजवर नेऊन वापरू शकतात. हा लेख त्यांच्यासाठी. आणि एक लक्षात घ्या, आज घरात आहे ते गेलं तर दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून नेण्याआणण्यात हलगर्जीपणा डबल महाग पडतो.

आता "पॉइंट टू टू आहे हो, चिल्लर गोळी, ते कसलं रिस्ट्रिक्टेड" असं म्हणणारे. हँडगन म्हणजे हँडगन, गोळी केवढीशी आहे याला काही किंमत नाही. टू टूचं साधं टार्गेट पिस्तूलसुद्धा रिस्ट्रिक्टेडच, आणि नळी १०५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ते थेट प्रोहिबिटेड, म्हणजे बंदीच्या वर्गात. गंमत म्हणजे आपल्याकडे भारतात लायसनवर सर्रास मिळणारं पॉइंट थ्री टूचं रिव्हॉल्व्हर, ते इथे स्पर्धेची काही ठराविक मॉडेल्स सोडली तर प्रोहिबिटेड आहे. त्यामुळे गावाकडच्या काकांकडे होतं म्हणून मला माहितीये, हा हिशोब इथे लावू नका. दुसरं टोक एआर-१५ या रायफलवाल्यांचं. ती एके काळी रिस्ट्रिक्टेड होती, लोक दर रविवारी रेंजवर न्यायचे, पण १ मे २०२० पासून ती प्रोहिबिटेडमध्ये गेली आणि ॲम्नेस्टी (बाळगल्याबद्दल शिक्षा न होण्याची ठराविक मुदतीची सूट) आहे म्हणजे रेंजवर नेता येतं असं अजिबात नाही. ॲम्नेस्टीत ती घरी कुलपात ठेवायची, बस.

पेटीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथे दिसतात. दुकानातून पिस्तुलाबरोबर जी प्लॅस्टिकची केस येते ना, तिला पुढे कुलपासाठी दोन भोकं असतात, आणि नव्वद टक्के लोक एकातच कुलूप लावतात. घरी एकदा करून बघा, एका बाजूला कुलूप लावा आणि दुसऱ्या कोपऱ्याखाली बोटं घालून उचला. स्वस्तातली केस असेल तर झाकण केळीच्या सालीसारखं वर येतं, माझ्या एका केसमध्ये तर आख्खा हात जात होता. मग "सहज उघडता न येणारी" हे कुठे राहिलं? दोन्ही भोकांत कुलूप लावा. पारदर्शक झाकणाच्या केस मिळतात त्या घेऊच नका, ओपेक म्हणजे आतलं दिसता कामा नये. कापडी झिपवाल्या बॅगेवर लोक तासन्तास वाद घालतात की कुलूप लावलं तर चालतं का, माझं मत सरळ आहे, भाजी चिरायच्या सुरीने जी फाटते तिच्या भरवशावर मी लायसन ठेवणार नाही. आणि नंबरवालं कुलूप असेल तर तीन शून्यांवर ठेवू नका राव, आपण सगळे तेच करतो.

ट्रिगर लॉक लावायच्या आधी चेंबर (गोळी बसते ती जागा) बघायचा, प्रत्येक वेळी. भरलेल्या हत्याराला ट्रिगर लॉक लावणं हीच मोठी धोक्याची गोष्ट आहे कारण लॉकचा दांडा ट्रिगरच्या जागेतूनच जातो. मला वैयक्तिक केबल लॉक बरं वाटतं, मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या डबीच्या) जागेतून वर चेंबरच्या खिडकीतून केबल बाहेर काढली की स्लाइड (वरचा सरकणारा भाग) बंदच होत नाही आणि अनलोडेड आहे हे लांबून पण दिसतं.

मॅगझिनचं विचाराल तर कायद्यात अनलोडेड म्हणजे चेंबरमध्ये गोळी नाही आणि हत्याराला लावलेल्या मॅगझिनमध्येही नाही. म्हणजे रिकामं चेंबर पण भरलेलं मॅगझिन आत खोचलेलं, ते लोडेडच. गोळ्या पेटीतून वेगळ्याच न्या असं काही कायदा म्हणत नाही, तरी मी वेगळ्या डब्यात नेतो आणि मॅगझिन रेंजवर गेल्यावरच भरतो, वेळ वाचवायला घरून भरून नेणारे आहेत, त्यांना पोलिसांसमोर उभं राहून व्याख्या समजावत बसायची हौस असेल तर असो. हँडगनच्या मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची आहे हेही आलंच.

आता एटीटी. ऑथरायझेशन टू ट्रान्सपोर्ट, म्हणजे हत्यार नेण्याआणण्याची परवानगी. इथे मी स्वतः तोंडघशी पडता पडता राहिलोय म्हणून सांगतो. मी ऑटव्यात राहतो. एका मित्राने नदीपलीकडे गॅटिनोच्या बाजूच्या त्याच्या क्लबवर बोलावलं, मी म्हटलं वीस मिनिटांचा तर रस्ता, पेटी भरली, दोन कुलपं, डिकी लॉक, सगळं कसं पुस्तकात दिल्यासारखं, आणि निघताना सहज फोन केला की येतोय, तर तो विचारतो, "क्यूबेकचं एटीटी काढलंस ना?" मी गप्प. पूल ओलांडला की प्रांत बदलतो हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्या पुलावरून आपण पेट्रोल भरायला आणि जेवायला सुद्धा जातो. रेंजचं एटीटी आता लायसनलाच अट म्हणून जोडलेलं असतं पण ते फक्त तुम्ही राहता त्या प्रांतातल्या मान्यताप्राप्त क्लब आणि रेंजपुरतं. दुसऱ्या प्रांतात जायचं तर चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडून (बंदूक परवान्यांचा अधिकारी) वेगळं एटीटी काढावं लागतं, आधी. त्या दिवशी पेटी परत तिजोरीत गेली आणि मी नुसता चहा प्यायला क्यूबेकला गेलो. क्यूबेकचे स्वतःचे आणखी नियम आहेत, तिथे रेंजवर नेम धरायला वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि बस-मेट्रोसारख्या सार्वजनिक वाहनात हत्यार नेण्यावर प्रांताचीच बंदी आहे.

जुन्या लोकांचा गोंधळ जरा निराळा. २०१५ च्या कायद्याने रेंजबरोबर गनस्मिथ, गन शो, पोलीस स्टेशन, बॉर्डर हे सगळं त्याच एटीटीत आपोआप आलं होतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. ७ जुलै २०२१ पासून ते काढून टाकलं. आता स्प्रिंग बदलायला गनस्मिथकडे न्यायचं असेल तरी वेगळं एटीटी. आणि रेंजवरून येताना वाटेतच त्याचं दुकान आहे म्हणून टाकून येतो, हे तर नकोच. घर बदललं तरी तेच, नवीन पत्ता ३० दिवसांत कळवायचा हे सगळ्यांना माहिती असतं पण जुन्या घरातून नव्या घरात हत्यार हलवायलाच एटीटी लागतं हे मूव्हर्सचा ट्रक दारात उभा राहिल्यावर आठवतं. सोफ्याबरोबर ट्रकात पेटी पाठवलेली माणसं मला माहिती आहेत.

रस्ता वाजवी सरळ असावा अशी अट असते. वाजवी म्हणजे किती, हे मीटर लावून कोणी सांगत नाही. पेट्रोल भरलं, हायवेवर टॉयलेटला थांबलो, यात मला काही वावगं दिसत नाही. पण येताना इंडियन ग्रोसरीत शिरलो, मग आठवलं की मुलीला डान्स क्लासवरून आणायचंय, मग कोणाकडे तरी हळदीकुंकवाला बायकोला सोडलं आणि पेटी पाच तास डिकीत, याला सरळ रस्ता कोण म्हणेल? घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रेंजच्या दिवशी वाटेतलं कुठलंही काम सांगायचं नाही. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी आणता येते.

एसयूव्ही आणि हॅचबॅकवाल्यांना वेगळी लॉक होणारी डिकी नसते, तिथे नियम असा की गाडी लॉक आणि पेटी बाहेरून दिसता कामा नये. मागचं ओढायचं कव्हर असेल तर उत्तम, नसेल तर मी जुनी सतरंजी टाकतो. मात्र पेटीवर बंदुकीच्या कंपनीचा मोठा स्टिकर आणि मागच्या काचेवर क्लबचा स्टिकर लावून वरून सतरंजी टाकण्यात काय अर्थ आहे ते मला समजलेलं नाही.

कागद म्हणजे रिस्ट्रिक्टेडचं लायसन, त्या हत्याराचं रजिस्ट्रेशन, वेगळं एटीटी असेल तर ते. दोन पिस्तुलं असतील तर कुठलं नेतोय त्याचाच कागद बघून घ्या. लायसन ५ वर्षांचं असतं आणि ते संपलं की त्यावर टेकलेलं एटीटीही गेलं, तेव्हा फोनमध्ये सहा महिने आधीचा रिमाइंडर टाका. पोलिसांनी अडवलं तर हात स्टिअरिंगवर, विचारलं तर खरं सांगायचं की डिकीत लॉक करून आहे, रेंजवर चाललोय, आणि आपण होऊन "दाखवतो ना" करत डिकीकडे धावायचं नाही. आपल्यातल्या पीआरवाल्यांनी (पर्मनंट रेसिडेंट, अजून नागरिक नसलेल्यांनी) तर जास्तच जपा, क्रिमिनल केस डोक्यावर असेल तर सिटिझनशिपचा अर्ज तिथेच अडकतो.

परतीच्या वेळी चुका जास्त होतात कारण माणूस दमलेला असतो, रेंज बंद व्हायला आलेली असते आणि सगळे एकदम आवरत असतात. कोर्समधलं प्रूव्ह हे तपासणीचं सूत्र आठवा, नळी सुरक्षित दिशेला, गोळ्या काढा, चेंबर बघा, गोळी येते तो मार्ग बघा, नळी आतून बघा. मी करंगळीचं टोक चेंबरमध्ये घालून पण बघतो, लोक हसतात, हसू देत. सगळं बेंचवरच करायचं, लॉक, केस, कुलूप, आणि मगच बाहेर. पार्किंगमध्ये केस उघडून मित्राला नवीन ग्रिप दाखवायची नाही.

किल्ल्यांचं राहिलंच. दोन कुलपं म्हणजे दोन किल्ल्या आणि हिवाळ्यात जॅकेट बदललं की त्या जुन्या जॅकेटमध्ये राहतात. चाळीस किलोमीटर जाऊन बंद पेटीकडे बघत बसलोय मी. आता एक जोड गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच असतो. जानेवारीत कुलूप गोठलं तर गरम पाणी ओतू नका, ते आत जाऊन परत गोठतं, लॉक डी-आयसरचा फवारा मारा. आणि घरी आल्यावर पेटी रात्रभर गाडीत ठेवायची नाही, आत आणायची, पण उणे वीसातून आलेलं लोखंड उबदार घरात लगेच घामेजतं आणि केसमधला फोम ते पाणी धरून ठेवतो. म्हणून मी पेटी तशीच कुलूपबंद तिजोरीत ठेवतो, दोनेक तासांनी हत्यार काढून पुसतो, तेलाचा हात फिरवतो, आणि लॉक लावून फोमशिवाय ठेवतो. एका हिवाळ्यात हे केलं नव्हतं, स्लाइडवर फोमच्या खळग्यांची नक्षी गंजाने उमटली होती, अजून आहे.